डी-मॅक्स एस-कॅब: उंच न करता जुनं रूप

१८ ऑगस्ट २०२५, उद्यमनगर, कोल्हापूर

गाडी सकाळी आमच्या गॅरेजात आली. इसुझू डी-मॅक्स एस-कॅब पिकअप, पांढरी, पिवळ्या पाटीची. मालक मार्केट यार्डातले अडतवाले अण्णा. पुढं कॉईल स्प्रिंग, मागं पाटे, लोखंडी चाकं. डाव्या दाराला लांब ओरखडा, फाळक्याला दोन पोचे, हौद्याच्या कडेचा रंग गुळाचे रवे घासून घासून पत्र्यापर्यंत गेलेला. बाकी गाडी ठणठणीत. इंजिनाला हात लावायची गरज नाही.

काम काय करायचं यावर बापलेकात एकमत नाही. पोराला चार इंचांची लिफ्ट हवी, म्हणजे सस्पेन्शन उचलून गाडी तेवढी उंच करायची, मडगार्डाबाहेर येणारे रुंद टायर हवेत, छतावर एलईडी बार, पुढं जाडजूड गार्ड, सगळं काळं. मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्यांचे फोटो घेऊन आलाय. अण्णांचं म्हणणं एवढंच, "दिवाळी पाडव्याच्या गुळाच्या सौद्याला गाडी नवी दिसाय पायजे. बाकी तुम्ही आणि ह्यो बघा."

मी पोराला म्हटलं, गाडी अशी करू की यार्डात माणूस थांबून बघेल, पण उंची एक सूतभरही वाढणार नाही. तो म्हणाला, "मामा, मग बघणार काय?" प्रश्न वाजवी आहे. उत्तर गाडीवरच द्यायचं.

माझं मत आधी लिहून ठेवतो. जो खरोखर दगडधोंड्यांतून, ओढ्यातून गाडी घालतो त्याला लिफ्ट लागते, आणि ती नीट केली तर त्यात उत्तम कारागिरी असते. पण रस्त्यावर लोकांनी वळून बघावं एवढ्याचसाठी मालवाहू गाडी उचलायची हे मला पटत नाही. तिच्या पत्र्यात, तिच्या रेषांत बघण्यासारखं पुष्कळ असतं. ते वर काढणं हे आमचं काम.

१९ ऑगस्ट

बोलून पटत नाही म्हणून आज करूनच दाखवलं.

आधी हिशेब. मूळ टायर २०५ आर १६, त्याचा व्यास साधारण ७३५ मि.मी. पोराला हवा तो २६५/७५ आर १६, म्हणजे ८०४ मि.मी. निव्वळ टायरनं गाडी ३४ मि.मी. वर जाते. चार इंचांची लिफ्ट धरली तर सव्वापाच इंच. स्पीडोमीटर ८० दाखवत असेल तेव्हा खरा वेग ८७ च्या पुढं असतो, कारण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. चाक जड झालं की ब्रेकलाही जास्त ताकद लागते, आणि ब्रेक तर तेच राहतात.

मग लाकडी ओंडके रचून चारही चाकं सव्वापाच इंच वर घेतली. अण्णांबरोबर यार्डातले एक जुने हमाल आले होते. त्यांना ३० किलोचे रवे हौद्यात टाकायला सांगितलं. आधी जमिनीवरच्या उंचीला: रवा उचलला, मांडीचा टेका दिला, पोटाशी धरून फाळक्यावर ठेवला आणि तळहातानं आत सरकवला. एकच लय, कुठं अडखळणं नाही. नंतर ओंडक्यांवर: मांडीचा टेका फाळक्यापर्यंत पुरेना. रवा छातीपर्यंत न्यावा लागला, कोपरं बाहेर आली, फाळक्याची धार थेट बरगडीला लागायला लागली. चार-पाच रव्यांनंतर ते थांबले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दिसभर ह्या उंचीवर टाकायचं म्हटलं तर माणूस डबल लागंल, मालक."

अण्णा काही बोलले नाहीत. पोरगा ओंडक्यांकडं बराच वेळ बघत होता.

दुपारी त्याला गाडीखाली घेऊन गेलो. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. स्प्रिंगपाशी नुसते स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकून पुढचं तोंड उचललं की वरच्या आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट त्याच्या चालीच्या टोकाला जाऊन बसतो, अलाइनमेंट बिघडतं, टायर आतून खातात. मागं पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळे टाकले की भरल्या गाडीत घाटात ॲक्सल पिळवटतो, पाट्यांवर उलटा जोर येतो. पन्हाळ्याच्या चढाला टनभर माल घेऊन जाणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. शिवाय हेडलाईटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत घुसतो. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते.

अमेरिकेतही याचा अतिरेक झाला. पुढचं तोंड वर आणि मागची बाजू जमिनीला टेकायला आलेली, अशा गाड्यांची तिकडं एक लाटच आली होती. 'कॅरोलिना स्क्वॉट' म्हणतात त्याला. बोनेट वर गेल्यानं ड्रायव्हरला पुढचा रस्ताच दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्यानं डिसेंबर २०२१ पासून कायद्यानं बंदी घातली: पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून उंच असता कामा नये.

२३ ऑगस्ट

पाऊस थांबेना. रंगाचं काम काढता येत नाही, म्हणून कागदावरचं काम.

जुनं रूप द्यायचं ठरलं, पण कुणाचं जुनं? फोर्डनं आपल्या एफ-सीरिज पिकअपची पंच्याहत्तरी केली, मालिका १९४८ ची, आणि त्यानिमित्त २०२३ च्या एफ-१५० ची हेरिटेज आवृत्ती काढली. छत आणि खालचा भाग एका रंगात, मधला पट्टा दुसऱ्या रंगात, जुन्या फोर्ड पिकअपवर असायचा तसा. सुंदर गाडी आहे. त्यांनी पत्रा बदलला नाही, ताठ उभी गाडी तशीच ठेवली आणि रंगाच्या विभागणीवर सगळं तोललं. पण ते रूप फोर्डचं. इसुझूच्या अंगावर ते उसनं दिसेल.

निसाननं २०२२ च्या शिकागो ऑटो शोमध्ये नव्या फ्रंटियरला स्वतःच्याच जुन्या 'हार्डबॉडी' पिकअपचं रूप दिलं होतं. हा रस्ता मला बरोबर वाटतो. गाडीनं आपल्याच घराण्यात शोधावं.

आणि इसुझूचं घराणं काही लहान नाही. १९७२ साली त्यांनी 'फास्टर' नावाची छोटी पिकअप आणली. तीच गाडी त्याच वर्षी शेवरोलेनं 'लव्ह' या नावानं अमेरिकेत विकायला घेतली. डी-मॅक्स ही थेट त्याच वंशावळीतली, २००२ पासूनची. म्हणजे अण्णांच्या गाडीला जुनं रूप हवं असेल तर ते सत्तरच्या दशकातल्या जपानी पिकअपचं हवं: सपाट, घट्ट रंग, दोन रंगांची साधी विभागणी, कडेनं धावणारे पिवळे-नारिंगी-तपकिरी पट्टे, लोखंडी चाकाच्या मधोमध छोटी चकचकीत वाटी. या गाड्या बुटक्या, हलक्या आणि कामाच्या होत्या.

पोराला जुने फोटो दाखवले. पट्ट्यांवर त्याची नजर अडली. "हे आपल्या गाडीला?" व्हय, आपल्याच गाडीला.

गोल हेडलाईट बसवायचा विचार मात्र लगेच सोडला. आजच्या तिरक्या खाचेत गोल दिवा कोंबला की दोन्ही काळ बिघडतात. दिवे मूळचेच राहतील. जाळी दुधी रंगाची करायची, बस्स.

३ सप्टेंबर

गणपतीत निम्मी माणसं गावाला. पोचे काढले, हौद्याच्या कडेचा गंज ग्राइंडरनं उतरवून इपॉक्सी प्रायमर मारला. लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, कमीत कमी. हौद्याच्या कडेला लांबी भरली तर पहिल्याच हंगामात रव्यांच्या घासानं निघून येते. तिथं पत्रा ठोकूनच सरळ करायचा.

९ सप्टेंबर

आरटीओचे कागद. रंग बदलायचा तर तो आरसीवर चढायला हवा. अर्ज, तपासणी, नोंद आणि विमा कंपनीला कळवणं. कर्ज फिटलेलं आहे म्हणून बँकेची ना-हरकत लागली नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकानं मूळ जी वैशिष्ट्यं दिली त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. रंग हा त्यातला किरकोळ बदल, नोंद केली की झालं. पोराला हवं होतं ते पुढचं गार्ड मात्र केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बंद करायला सांगितलंय. अपघातात पायी चालणाऱ्याला ते जास्त मारतं, आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या आड येतं.

मालवाहू गाडी आहे म्हणून परावर्तक पट्ट्या सक्तीच्या: पुढं पांढरी, बाजूंना पिवळी, मागं लाल. बहुतेक जण रंगकाम झाल्यावर त्या कुठंतरी चिकटवून टाकतात आणि सगळा नक्षा उतरतो. मी उलटं करणार. बाजूची पिवळी पट्टी रंग जिथं बदलतो त्या रेषेच्या बरोबर खाली घ्यायची. दिवसा ती पट्ट्यांच्या रांगेत मिसळून जाईल आणि रात्री तिचं काम करेल.

१३ सप्टेंबर

आजचा अख्खा दिवस एका रेषेवर गेला.

रंग ठरले: छत, बोनेट आणि वरचं अंग दुधी, दाराच्या खालच्या घडीपासून खाली विटकरी. छत फिकट ठेवलं म्हणजे एप्रिलमध्ये केबिन कमी तापते. खाली विटकरी, कारण ही गाडी राधानगरी, गगनबावड्याकडच्या गुऱ्हाळांवर जाते आणि तिकडचा तांबडा चिखल खालच्या अंगावरच बसतो.

आता ही विभागणी कुठून न्यायची? दाराला घडी आहे, तिच्यावर टेप लावली की केबिनचं काम झालं. पण हौदा वेगळा, त्याची घडी वेगळी, मध्ये बोटभर फट. त्यात मागचं चाक आडवं येतं. केबिनची रेषा सरळ मागं ओढली तर ती हौद्याच्या घडीच्या थोडी वरून जाते आणि डोळ्याला दोन समांतर रेघा दिसायला लागतात. ते चालणार नाही.

दुसरी अडचण पिकअपचीच. रिकामी असते तेव्हा तिची मागची बाजू वर असते, माल भरला की बसते. रिकाम्या गाडीवर लेव्हल लावून जमिनीला समांतर रेषा ओढली तर भरल्यावर ती मागं कललेली दिसणार. म्हणून वाळूची पोती टाकून गाडी अर्धी भरली आणि केबिनच्या खालच्या पट्टीला समांतर रेषा धरली. जमिनीचं माप सोडून दिलं. सहा मि.मी.ची बारीक टेप, एका माणसानं पुढं धरायची, दुसऱ्यानं मागं, आणि मी रस्त्याच्या पलीकडं उभा. जवळून बघून रेषा कधीच ठरवू नये. वीस-पंचवीस पावलांवरून जे दिसतं तेच खरं.

शेवटी फटीशी रेषा अगदी किंचित खाली आणली, हौद्याच्या घडीला मिळवली आणि चाकाच्या कमानीला स्पर्श न करता तिच्या वरून नेली. संध्याकाळी आमचे पट्टे-अक्षरं रंगवणारे पेंटरमामा आले, चालत चालत एकदा बघितलं आणि म्हणाले, "आता बसली." पेंटरमामांकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

१७ सप्टेंबर

दोन दिवस उघडीप, तेवढ्यात रंग उरकला. हवेत दमटपणा असला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग पांढुरका मारतो. म्हणून सावकाश उडणारा थिनर आणि रंगाच्या दोन थरांमध्ये भरपूर थांबणं.

मेटॅलिक नाही, साधा एकजीव पीयू (पॉलियुरेथेन) रंग. सत्तरच्या दशकातल्या गाडीला घट्ट, सपाट रंगच शोभतो हे एक कारण. पण मोठं कारण कामाचं. हौद्याची कड पुन्हा घासणारच आहे. मेटॅलिकवर ओरखडा उठला की तेवढीच जागा दुरुस्त करता येत नाही, डाग दिसतोच. अख्खं पॅनेल मारावं लागतं. हा रंग यार्डात उभ्या उभ्या छोट्या ब्रशनं टिपता येतो. एक बाटली भरून अण्णांच्या डॅशबोर्डमध्ये ठेवली. त्या काळच्या कामाच्या गाड्यांवर असेच रंग होते. त्या रूपाचा मला एवढा आदर आहे तो यासाठी.

२४ सप्टेंबर

चाकांच्या वाट्या. बाजारात प्लॅस्टिकच्या मिळतात, पहिल्या खड्ड्यात उडतात. उद्यमनगरात असताना त्या विकत का आणायच्या?

दोन गल्ल्या सोडून एक स्पिनिंगवाले आहेत, मूळचे भांड्यांचे. लेथवर बिडाचा साचा, त्यावर पितळी पत्र्याची गोल चकती दाबून धरलेली. लेथ फिरायला लागली की ते लांब दांड्याचं हत्यार काखेत धरतात, टोकाला ग्रीस, आणि अंगाचा भार हळूहळू पुढं टाकतात. चकती थरथरते, काठाला लाट उठते, ती मागच्या लाकडी दांडक्यानं दाबली जाते, आणि बघता बघता सपाट पत्रा वळून साच्याला चिकटतो. निम्म्यात थांबवून पत्रा तापवून पुन्हा मऊ केला, कारण पितळ दाबलं की कडक होतं आणि काठाला चिरतं. शेवटी धार आत वळवली. त्यावर निकेल, मग क्रोम.

या गावात लेथ आणि ब्रश कायम शेजारी नांदलेत. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथंच, दादा मिस्त्रींना हाताशी धरून, स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला. वाटी हातात घेतल्यावर त्याची आठवण झाली म्हणून लिहिलं.

चाकं दुधी रंगवली, त्यावर या वाट्या. टायर त्याच मापाचे, फक्त मागचे दोन जाड खाचांचे, चिखलासाठी. ही पोराची मागणी आणि ती रास्त आहे. गुऱ्हाळाच्या रस्त्यावर मागची चाकंच फिरत राहतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा. कंप्रेसर, गन, सँडर, सगळं धुऊन पुसून मांडलं. काम बंद. उद्या दसरा; दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक बघायला पोराला घेऊन जाणार. नव्वद वर्षांच्या आसपासची गाडी, आणि तिच्याकडं बघताना उंचीचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही.

६ ऑक्टोबर

पट्टे आणि अक्षरं. स्टिकर कापून मिळाले असते, पण पेंटरमामांचा हात आहे तोवर स्टिकर लावायचा नाही.

तीन पट्टे: पिवळा, नारिंगी, तपकिरी. पुढच्या मडगार्डावर बारीक सुरू होतात, दारावर रुंदावतात, हौद्याच्या शेवटी वर वळून संपतात. लांब केसांचा ब्रश, हाताखाली काठी, आणि श्वास सोडत एका दमात ओढलेली रेघ. पेंटरमामा मध्ये थांबत नाहीत. ब्रशमधला रंग संपायच्या आत दाराची फट यावी असा त्यांचा हिशेब असतो, जोड त्या फटीत लपतो. जवळ गेलं की पट्ट्याच्या काठाला ब्रशचा किंचित उठाव बोटाला लागतो.

फाळक्यावर दुकानाचं नाव, जाड, बसक्या अक्षरात, खाली 'कोल्हापुरी गूळ'. लाल परावर्तक पट्टी अक्षरांच्या खाली, त्यांच्याच लांबीची. पोरानं विचारलं, पट्टे मीही शिकू का? पेंटरमामांनी त्याला जुन्या पत्र्यावर रेघा ओढायला बसवलंय. रोज संध्याकाळी येतो.

१५ ऑक्टोबर

आरटीओची तपासणी झाली. आरसीवर दोन्ही रंग लिहून येतील. पट्टी आणि रंगाची रेषा एकत्र बघून तिथल्या साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे. गाडी पहाटेच गेली होती. मी पोचलो तेव्हा भरलेली होती. मागची बाजू बसलेली आणि विटकरी रेषा सरळ. हे बघायलाच मी गेलो होतो. रिकामी गाडी छान दिसली असती तर निम्मंच काम झालं असतं.

लोक थांबत होते. वयस्कर माणसं वाट्यांकडं बघत होती, पोरं पट्ट्यांचे फोटो काढत होती. एकानं विचारलं, ही जुनी गाडी कुठं मिळाली? अण्णांनी सांगितलं, नवीच हाय, आपल्या उद्यमनगरात केली. ओंडक्यांवर रवे चढवून बघणारे हमालही तिथंच होते. त्यांना रंगाचं फारसं काही नव्हतं. फाळका आधीच्याच उंचीला आहे ना, एवढं त्यांनी मांडी लावून तपासलं आणि कामाला लागले.

शेजारीच एक उचललेली, काळी गाडी उभी होती, काम नीट केलेली. तिच्या मालकाला मी खाली वाकून वरचे आर्म दाखवायला सांगितलं. त्यानं लांब आर्म बसवले होते, ब्रेकही मोठे केले होते. तो खरंच डोंगरात जातो. त्याच्याशी बोलायला मजा आली. त्याचा हौदा मात्र स्वच्छ कोरा, एक ओरखडा नाही.

२६ ऑक्टोबर

उरलेलं काम. उजव्या मागच्या वाटीची क्लिप सैल वाटते, ती बदलायची. हौद्याच्या कडेला पहिले ओरखडे पडलेत, अण्णांनी बाटलीतला रंग स्वतः टिपला, जागा सांगितल्याशिवाय सापडत नाही. मागच्या पाट्यांचे बुश हंगाम संपल्यावर बघायचे. खालच्या विटकरी भागाला आतून रबरी अंडरकोट मे महिन्यात, वळीव सुरू व्हायच्या आत. यार्डातून आणखी दोघांनी विचारलंय, एक जुनी टाटा २०७ आणि एक बोलेरो पिकअप. दोन्हींना इसुझूचे पट्टे चालणार नाहीत. २०७ साठी आधी तिचेच जुने फोटो शोधायला लागतील.